हळदीच्या पाण्यात सुई

हातखंब्याच्या नाक्यावर, पंक्चरच्या दुकानामागे मांडव घातला होता आणि दर गुरुवारी सकाळी तिथे मुंगीला शिरायला जागा नसे. बहुतेक बायकाच. कुणी आई, कुणी बहीण, कुणी बायको. प्रत्येकीच्या हातात रुमालात गुंडाळलेली सिरिंज. घरातला पोरगा नशेचं इंजेक्शन टोचून घेतो, काही केल्या सोडत नाही, मग निदान रोग तरी लागू नये म्हणून त्याची सुई महाराजांकडून ‘शुद्ध’ करून न्यायची! साल २००१. मी रत्नागिरीत हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. इतकी वर्षं आपण फळ्यावर नेमकं काय खरडलं, असा प्रश्न मला त्या मांडवात पडला.

महाराज घाटावरून आलेले. गालात तंबाखूचा बार, समोर पितळी वाटीत पिवळं तीर्थ.

“डागदर रगत तपासतो, आमी रगताचं पाप तपासतो!” ते गरजत. “एका सुईनं धा जणांनी टोचा, केस वाकडा व्हायचा न्हाई!”

मग ते सुई तीर्थात बुडवून बोटांनी ढवळत. बघता बघता पाणी लालभडक होई. बायका तोंडाला पदर लावत. “बघा माउली, एड्सचा राक्षस रगत ओकतोय!” वर लिंबू पिळलं की पाणी पुन्हा पिवळं. “मेला!” की टाळ्या.

गर्दीत नसीमा दिसली. माझी जुनी विद्यार्थिनी. तिचा भाऊ झुबेर बोटीवर खलाशी होता, नोकरी सुटली आणि पोरगा या नादाला लागला. तो, त्याचा दोस्त गंगाराम आणि आणखी दोघं मिळून एकच सुई वापरत. कारण गावातल्या मेडिकलवाल्यांनी एकमताने ठरवलं होतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय सुई द्यायची नाही, म्हणजे व्यसन आपोआप बंद पडेल. या ठरावाचा गावाला केवढा अभिमान!

“नसीमा, गंगारामला एचआयव्ही निघालाय ना? आणि तीच सुई झुबेर टोचून घेतो?”

“गंगारामाचा दोष महाराजांनी काढलानी, सर. पाणी लाल झाला, मी डोळ्यांनी बघितला.”

“आणि झुबेरची तपासणी?”

“रिपोर्ट चांगला आला. पण डॉक्टर सांगतात, रोग रक्तात लगेच दिसत नाय, तीन महिन्यांनी परत तपासूया.”

म्हणजे पोरगा अजून वाचण्यासारखा होता, आणि ही माउली ती सुई रुमालात जपून घरी नेत होती. माझं डोकं फिरलं.

मी आत्मारामशेठच्या मेडिकलात गेलो. दारावरच पाटी, ‘चिठ्ठीशिवाय सुई मिळणार नाही.’ सीलबंद सिरिंज मागितली. शेठनी हसत काढून दिली.

“चिठ्ठी?” मीच विचारलं.

“तुमच्याकडे कसली चिठ्ठी मागायची, सर?”

पुढच्या गुरुवारी मी रांगेत उभा राहिलो. पाकीट सगळ्यांसमोर फोडलं आणि कोरी करकरीत सुई महाराजांच्या हातात दिली. त्यांनी ढवळली. पाणी लालभडक.

“लई घोर दोष हाय, मास्तर! कुणाची हाय ही?”

“कुणाचीच नाही. अजून कुणाला टोचलेलीच नाही.”

मांडवात खसखस पिकली. महाराज म्हणाले, “कारखान्यात कुनाची तरी नजर लागली आसंल!” मी त्यांचा अंगठा धरून वर केला. नखाखाली चुना. तंबाखू खाणाऱ्याच्या नखात चुना असणारच, कुणाला संशय यावा कशाला?

“वाटीत हळदीचं पाणी आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीच्या डागाला साबण लावलात की काय होतं, ते तुम्ही धुण्याच्या दगडावर रोज बघता!” मी माझ्या बोटाला चुना लावून तेच करून दाखवलं. सुईशिवाय.

“मंग रोग?” नसीमाने विचारलं.

“होता तिथेच. सुईच्या पोकळीत उरलेल्या रक्तात.”

ती रांगेतून बाहेर पडली.

महाराज दुपारच्या एसटीने पसार झाले. औषध विक्रेत्यांनी माझा सत्कार ठेवला, शाल आणि नारळ. भाषण आत्मारामशेठचं. भर सभेत नसीमा उठली.

“शेठ, महाराज गेले. आता माझ्या भावासाठी नवी सुई द्या.”

“बाई, सुई दिली तर व्यसन वाढेल.”

“मंग दिली नाय, तेव्हा कमी झाला काय?”

मी शाल बाजूला ठेवून म्हणालो, “शेठ, द्या. मला दिलीत ना?” ते म्हणाले, “सर, तुम्हीसुद्धा?” दुसऱ्या दिवसापासून मलाही कुठल्याच दुकानात सुई मिळेना. शेवटी सुया पाठव म्हणून मुंबईच्या एका डॉक्टर मित्राला पत्र टाकलं.

पार्सल येईतो पोरं तीच सुई नळाखाली धुऊन वापरत होती. झुबेरला मी खडसावलं. नशा उतरल्याने तो कुडकुडत होता, नाक गळत होतं.

“मना सगळा ठाव हाय, सर. पण अंग मोडून आला की ठाव असून काय करू?”

पार्सल आलं. तीन महिन्यांनी रिपोर्टही आला. झुबेरच्या रक्तात एचआयव्ही होता. नसीमा तो कागद माझ्यासमोर धरून म्हणाली, “महाराजांनी फसवलानी, त्यांना तुम्ही पळवलात. ह्या शेठना कोण पळवणार, सर?”

माझ्यापाशी संताप होता, अजून आहे. चुन्याची जादू अडाण्यांना फसवते म्हणून आपण हसतो. सुई लपवली की नशा पळते, ही जादू मात्र शिकलेलं गाव बिनदिक्कत मानतं, आणि तिला अंधश्रद्धा म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. सुया बंद करून एका तरी पोराची नशा सुटली का, एवढं प्रामाणिकपणे तपासा. नशा हा आजार आहे, तो उतरायला डॉक्टर लागतो आणि वेळ लागतो. तोवर पोरगा जगला पाहिजे. त्याला नवी सुई द्या. दर वेळी नवी, आणि प्रत्येकाला वेगळी.