सहा बाटल्या तेल

अहेरीच्या आठवडी बाजारात खुर्शीदाबाई तीस वर्षं चुड्या भरत होती. शहरातून येणाऱ्या शहाण्यांबद्दल तिला आदर असा कधी नव्हताच. २००७ साली डॉक्टर सुखठणकर आले आणि होता नव्हता तोही गेला.

हे गृहस्थ विसरण्याच्या रोगावर संशोधन करत होते. म्हातारपणी माणसाची बुद्धी जाते ते रक्तातच लिहिलेलं असतं का, आणि भूमध्य समुद्राकाठचे लोक खातात तसं खाल्लं तर ती टिकते का, एवढं त्यांना शोधायचं होतं. समुद्रकाठचं जेवण तपासायला समुद्रापासून इतक्या लांब, जंगलात का यावं लागलं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. साठीच्या पुढच्या चाळीस जणांची त्यांनी आठवणीची परीक्षा घेतली आणि रक्त काढून नेलं. त्यात खुर्शीदाबाईही होती, कारण तिच्या मुलाने, वाजिदने, हट्टच धरला होता. तिची आई शेवटी शेवटी पोटच्या पोरीलाच 'तू कोणाची वो' म्हणून विचारायची, ते वाजिदने लहानपणी पाहिलं होतं.

रक्ताचा निकाल वाईट आला. आठवण पोखरणारं जनुक खुर्शीदाबाईत आईकडूनही आलेलं होतं आणि बापाकडूनही. धोका जास्त आहे, रोग झालेला नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वाजिदने त्यातलं अर्धंच ऐकलं, आणि डॉक्टरांनीही उरलेलं अर्धं पुन्हा सांगायची तसदी घेतली नाही. त्या दिवसापासून भाजीत मीठ कमी पडलं की तो आईच्या तोंडाकडे बघायचा. स्वतः दर खेपेला छत्री बसमध्ये विसरून यायचा, ते मात्र चालत होतं.

वाजिद माजरीच्या कोळसा खाणीत वेल्डर होता. बाजारातला चुड्यांचा ओटा बाप गेल्यावर त्याच्या नावावर झाला होता. त्याने आईला बजावलं की सहा महिन्यांनी डॉक्टर पुन्हा परीक्षा घेतील, त्यात गुण घसरले तर ओटा बाजारातल्याच मुजफ्फरला मोबाइलची रिचार्ज कुपनं विकायला देऊन टाकीन आणि तू माजरीला माझ्याकडे यायचं. मुजफ्फरशी त्याचं बोलणंही झालेलं होतं.

माजरीला जाऊन ती करणार काय होती? कोळशाची धूळ पुसत दोन खोल्यांत बसणार? इथे बाईने नुसता हात पुढे केला की अंगठ्याखालचं हाड दाबून ती सांगायची, दोन-चारची चुडी लागेल की दोन-सहाची. कोणाचा हात बाळंतपणानंतर सुजला, कोणाचा भाताची रोवणी करून आखडला, हे तिला त्या बाईच्या नवऱ्याआधी कळायचं. असं डोकं कोणी रक्ताच्या थेंबावरून नासकं ठरवतं, याची तिला चीड आली होती.

डॉक्टरांनी प्रत्येकाला ऑलिव्हच्या तेलाच्या सहा बाटल्या दिल्या. महिन्याला एक संपवायची, रोज जेवणात दोन चमचे. सोबत कागद होता: मासे, पालेभाज्या, टमाटर, अक्रोड. मासे आणि पालेभाज्या तर या मुलखात लोक जन्मापासून खात होते, त्यासाठी कागद लागत नव्हता. आणि अक्रोड अहेरीत शोधूनही सापडला नसता. खुर्शीदाबाईने तेल भातावर घातलं, एक घास खाल्ला आणि अंगणात जाऊन थुंकून आली.

पण पुढच्या बाजारी एका बाईच्या राठ हातावर तिने तेच तेल चोळलं, आणि चुडी अशी सरकली की बाईने हूं सुद्धा केलं नाही. साबणाच्या पाण्याने असं कधी होत नव्हतं. सहा महिन्यांत सहाही बाटल्या जंगलातल्या गावोगावच्या बायांच्या हातांवर संपल्या. रिकामी बाटली ती दर महिन्याला नेमाने परत करायची आणि डॉक्टरांचा माणूस खूश होऊन वहीत खूण करायचा. बाटली रिकामी म्हणजे तेल पोटात गेलं, एवढंच त्यांचं शास्त्र होतं.

दुसऱ्या परीक्षेत तिला तीसपैकी तीस गुण मिळाले. डॉक्टरांनी तिला भरल्या सभागृहात पुढे बोलावलं, तिच्याबरोबर फोटो काढला आणि रक्तात एवढा धोका असून ही बाई फक्त या तेलामुळे शाबूत राहिली असं जाहीर केलं.  ओटा वाचला होता. मूर्खाला मूर्ख राहू द्यायला खुर्शीदाबाईची काही हरकत नव्हती.

तेवढ्यात मागून सोमारी उठली. ती खुर्शीदाबाईची जुनी गिऱ्हाईक, जंगलातल्या गावची. तिचा नवरा पत्रू हल्ली शेतातून घरी यायची वाट विसरत होता. हे तेल त्याला चालेल का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, जरूर द्या, चंद्रपूरच्या मोठ्या दुकानात मिळतं, महाग आहे पण रोज द्या. सोमारीने मान हलवली. बैलजोडी विकते म्हणाली. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती. डॉक्टर म्हणाले, "छान."

त्या 'छान'ने खुर्शीदाबाईचं डोकं फिरलं.

"सोमारी, बैल नको विकू," ती म्हणाली. "ते तेल मी खाल्लंच नाई. सगळं चुड्या भराले लावलं. मागच्या बाजारी तुह्याच हाताले लावलं."

डॉक्टर तिच्याशी बोललेच नाहीत. ते परीक्षेसाठी माजरीहून आलेल्या वाजिदकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे असंच सुरू होतं. केलेलं आठवत नाही, मग मन काहीतरी रचून सांगतं. बाटल्या रिकाम्या आल्याची माझ्याकडे नोंद आहे." आणि त्यांनी तसं लिहून घेतलं. वरचे तीस गुण मात्र खोडले नाहीत. एका रकान्यात तेलाने बाईची आठवण राखली, दुसऱ्या रकान्यात बाईची आठवण गेली, आणि दोन्ही खालची सही एकाच शहाण्याची. सोमारी आपले हात पुढे करून काही सांगू पाहत होती, पण पुढच्या माणसाचा नंबर पुकारला गेला होता.

बाहेर आल्यावर वाजिदने ओट्याच्या पेटीची किल्ली मागितली. त्याचे डोळे भरून आले होते. खुर्शीदाबाईला त्याच्या रडण्याचाही रागच आला.

"घे," ती म्हणाली. "तुह्या बापाले हात पाहून माणूस समजे. तुले पुरा माणूस समोर उभा राहून समजत नाई."

आठवड्याने ती माजरीला निघाली. बसवर तिची ट्रंक चढवायला सोमारी आली होती. खुर्शीदाबाईने तिला एकच विचारलं, बैल कुठी हायेत.

"नांगराले हायेत," सोमारी म्हणाली.