काळवंडलेल्या वीजपेटीची जबानी

मी एक जुनी वीजपेटी आहे, तारा आणि स्विच जिच्यात बसवतात ती प्लॅस्टिकची पेटी. वय म्हणाल तर जेमतेम तीन वर्षं. पण माझा अर्धा चेहरा जळून काळा पडला आहे, म्हणून सगळे मला जुनी म्हणतात. म्हणू देत! मित्रांनो, मला या डागाची लाज वाटत नाही.

माझा जन्म टेमघरच्या एका लहान कारखान्यात झाला. मालक भावेशदादा. तिथे आग लवकर न पकडणारं प्लॅस्टिक साच्यात ओतून पेट्या बनवतात. माझ्याआधीच्या पेट्या गुळगुळीत आणि चकचकीत होत्या. त्यांना काडी लावली तर ज्योत चटकन विझायची, पण विझताना डांबरासारखा काळा, घसा जाळणारा धूर सुटायचा.

माल तपासणाऱ्या मृणालीला तो धूर पटत नव्हता.

"दादा, बंद जागेत माणूस आगीच्या आधी धुरानेच गुदमरतो," ती म्हणायची.

"अगं, पेटत न्हाय ना? गिऱ्हाईक तेवढंच विचारतं," भावेशदादा म्हणायचे.

मृणाली हटली नाही. तिने प्लॅस्टिकमधलं ज्योत विझवणारं जुनं रसायन काढून टाकलं आणि एक पांढरी भुकटी भरपूर मिसळली. ही भुकटी तापली की वाफ सोडते आणि आग थंड करते. पहिल्या पेट्यांचे कोपरे तडकले. पुढच्या साच्यातच अडकल्या. दादा वैतागले. चार महिने ती प्रमाण बदलत राहिली आणि मग मी बाहेर आले. जड, मळकट, खरखरीत.

"ही कोण घेणार?" दादांनी तोंड वाकडं केलं. माझ्यासारख्या थोड्याच पेट्या बनल्या, आणि यंत्रावर पुन्हा जुना माल चढला.

मी पूर्णा गावातल्या एका गोदामात पोचले. तिथे पोटमाळ्यावर सोळा बायका कपडे पॅक करायच्या. खाली यायला एकच जिना, तोही खोक्यांनी अर्धा अडलेला, आणि त्या जिन्याच्या तोंडाशी, खांबावर मी. बाकीच्या चार खांबांवर चकचकीत पेट्या होत्या. दोन वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यावर ओढण्या तेवढ्या लटकायच्या.

एका दुपारी माझ्या आतला एक ढिला स्क्रू तापू लागला. तारेचं आवरण वितळलं, ठिणगी उडाली आणि मी जळू लागले. हो, मी जळाले! मी पोलादाची नाही. पण माझ्यातली भुकटी वाफ सोडत राहिली, जळालेल्या भागावर कडक खपली धरली आणि ज्योत तिथेच अडली. धूर आला, पण विरळ.

बायका किंचाळल्या. तेवढ्यात त्यांच्यातल्याच, वज्रेश्वरीकडच्या काशीमावशी पुढे झाल्या.

"ढकलू नका गं! जिना दिसतोय! एकेक उतरा!"

जिना खरंच दिसत होता. सोळाच्या सोळा जणी खाली आल्या. खाली कुणीतरी मेन स्विच पाडला आणि मी विझले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर राघोशेठ मला बघून गरजले, "ह्या भिकार पेटीनेच आग लावली. फेका!"

काशीमावशींनी मला उचललं. माझ्या पाठीवर कारखान्याचं नाव होतं. रिक्षा करून त्या थेट टेमघरला आल्या आणि त्यांनी मला भावेशदादांच्या टेबलावर आपटलं.

"ही तुमची पेटी ना? आमी मेलो असतो!"

दादांचा चेहरा उतरला. मृणालीने मला उघडलं आणि ढिला स्क्रू दाखवला. "मावशी, आग इथे लागली. पेटीने ती अडवली. तुम्हाला जिना दिसला ना?"

"दिसला."

"मग हे बघा."

तिने काचेच्या खोक्यात, दिव्यासमोर, चकचकीत पेटीचा तुकडा जाळला. ज्योत लगेच विझली, पण खोकं काळंकुट्ट झालं आणि दिवा दिसेनासा झाला. मग माझ्यासारख्याच पेटीचा तेवढाच तुकडा जाळला. खोक्यात धुकं आलं, पण दिवा दिसत राहिला.

काशीमावशींनी काळ्या खोक्यावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "आमच्या माळ्यावर तसल्या चार हायेत."

भावेशदादा खाली मान घालून बसले. म्हणाले, "त्या माझ्याच हायेत, मावशी. मृणाली, उद्यापासून तुझाच माल चढव."

पण राघोशेठ ऐकेनात. "चालू आहेत त्या कशाला काढायच्या?" तेव्हा सोळा जणी गोदामाच्या दारात मांडी घालून बसल्या. काशीमावशी म्हणाल्या, "त्या चार उतरवा, सगळे स्क्रू आवळा, जिन्यावरची खोकी हलवा. तवर आमी वर चढनार न्हाय." ट्रक मालाविना उभे राहिले. राघोशेठ ओरडले, विनवू लागले. कुणी उठलं नाही. तिसऱ्या दिवशी वायरमन शिडी घेऊन आला.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. मी माझं काम केलं आहे. पण तुमच्या शाळेत, घरात, आईच्या कारखान्यात भिंतीवर पेटी दिसली, तर "ही पेटत नाही" एवढ्यावर मान डोलावू नका. तिचे स्क्रू कुणी कधी आवळले, बाहेरची वाट मोकळी आहे का आणि ती जळालीच तर धूर किती होईल, हे मोठ्यांना विचारा. ते हसतील, चिडतील, गप्प बस म्हणतील. तुम्ही विचारत राहा.