बॉम्बच्या बाजूने

अमरावतीच्या त्या वादविवाद स्पर्धेत प्रत्येक महाविद्यालयाचे दोन वक्ते असतात. एक विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. गुण मात्र एकत्र मोजले जातात. त्यामुळे एकाच संघातले दोघे व्यासपीठावर भांडतात आणि एकमेकांना सांभाळूनही घेतात. भाषणानंतर जोडीदाराने एक प्रश्न विचारायचा असतो. तो आम्ही निघण्याआधी, आमच्या अकोल्यातच ठरवून ठेवत असू.

यंदाचा विषय होता, ‘युद्धकाळात अण्वस्त्राचा वापर समर्थनीय ठरू शकतो’. चिठ्ठी उचलली तेव्हा समर्थन माझ्या वाट्याला आले, विरोध माझ्या जोडीदार कहकशाँच्या. करंडक मिळाला नाही तर महाविद्यालय यापुढे संघ पाठवणार नाही, असे शालिकराम सरांनी बजावले होते. मी एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही. व्यासपीठावर बोलू शकतो, कारण तिथे काय मानायचे ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते. बोलायला तेवढी एकच जागा माझ्याजवळ होती.

अकोल्यात, जठारपेठेतल्या माझ्या खोलीत, खिडकीशी बसून मी भाषण रचले. एका शहराच्या बदल्यात युद्ध लवकर संपते. दोन्हीकडची मुले घरी परततात. वाक्ये इतकी सुंदर जुळत गेली, की मला त्यांची भीती वाटू लागली. हे मला पटते आहे, की नुसते सुचते आहे? उत्तर सापडेना, आणि शोधणेही थांबेना.

सभागृहात भाषण संपले तेव्हा टाळ्या बराच वेळ वाजत राहिल्या. कहकशाँ प्रश्नासाठी उभी राहिली. ठरलेला प्रश्न शत्रूच्या प्रत्युत्तराविषयी होता. त्याचे उत्तर मला पाठ होते. तिने हातातला कागद मिटला.

“आपल्या भाषणात विमान आहे, बॉम्ब आहे, तह आहे. बटण दाबणारा माणूस नाही. ते आपण दाबाल का?”

‘होय’ म्हटले असते तर करंडक आमचा होता. मी त्या शब्दापर्यंत गेलो. तिथे एका परक्या शहरातली सकाळ होती, नळाशी भांडी लावून उभ्या असलेल्या बायका होत्या. मागे फिरलो, तर युद्ध न थांबल्यामुळे ज्यांची मुले परतली नाहीत ती घरे होती.

“मले माहीत नाही,” मी म्हणालो.

मागे कोणीतरी हसले. करंडक दुसऱ्याच संघाला गेला.

परतीच्या बसमध्ये सर पुढच्या बाकावरून एवढेच बोलले, “बॉम्ब राह्यला बाजूले, आपलाच संघ उडवला तुमी दोघांनी.”

कहकशाँने माफी मागितली नाही. माझी तालीम ऐकता ऐकता तिला एकच गोष्ट छळत होती, असे ती म्हणाली: हे बोलणारा खरोखर मीच आहे का.

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी, कोणी बाजू नेमून दिलेली नसताना, मी विचारले, “अन् तू? बटण दाबलं नाही, लढाई चालूच राह्यली. ज्यांचे पोरं मरून राहिले, त्यांच्या दारात जाऊन सांगशील, का मी थांबवू शकत होती, पण थांबवलं नाही?”

बडनेरा मागे पडले.

“अकोला येऊ दे,” ती म्हणाली. “विचार करून राहिली मी.”

अकोला आले. सर ऑटो करून निघून गेले. आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो.

“दारात नाही उभं राहता येणार मले,” ती अखेर म्हणाली. “पण बटणही नाही दाबणार.”

“काहून?” मी कारण विचारले.