डिंक आणि भिंगरी

डिंक हे टोपणनाव तिला फुटबॉलच्या पहिल्याच मोसमात पडलं. समोरच्या संघातल्या गोल मारणाऱ्या मुलीला ती एकदा चिकटली की सामना संपेपर्यंत सुटायची नाही. एकदा ती मुलगी पाणी प्यायला मैदानाच्या कडेला गेली, तर ही तिथेही मागोमाग. प्रेक्षकांतून एक म्हातारा म्हणाला, "अगं, तिला घोटभर पाणी तरी पिऊ दे." सगळे हसले आणि नाव कायमचं चिकटलं.

बचावात, डाव्या बाजूला खेळत खेळत ती देशाच्या संघापर्यंत पोचली. पुढे एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, खेळ संपत आला असताना, चेंडू तिच्या पायात आला आणि समोर सगळं मैदान मोकळं दिसलं. एरवी तिने तो दुसरीकडे ढकलला असता. त्या दिवशी तिला राहवलं नाही. ती मध्यरेषा ओलांडून धावली आणि जीव खाऊन फटका मारला. समोरच्या गोलकीपरने तो अडवला, चेंडू लांब भिरकावला, आणि डिंकने सोडलेल्या रिकाम्या जागेतूनच त्या संघाने गोल केला. स्पर्धा तिथेच संपली.

कपडे बदलायच्या खोलीत परतल्यावर प्रशिक्षक सरांनी आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, "तुझी जागा कुठे होती?"

ती खाली मान घालून बुटाची नाडी सोडत राहिली.

त्यानंतर डिंक मध्यरेषेपलीकडे गेली नाही. भरवशाची खेळाडू म्हणून तिचं कौतुक व्हायचं, ते ती ऐकून घ्यायची. काही वर्षांनी एका धडकेत डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, थोडं पळालसुद्धा. खेळणं मात्र विसरा.

ती थोरल्या बहिणीकडे राहत होती. थोरली बस आगारात कामाला. संध्याकाळी घरी यावं तर धाकटी खुर्चीत तशीच बसलेली. शेवटी एक दिवस थोरली म्हणाली, "भिंतीकडे बघून भिंत काही सरकत नाही. आमच्या आगारामागच्या क्लबला मुलींसाठी कोणीतरी शिकवणारं हवंय. जाऊन तर ये."

डिंक गेली आणि तिथलीच झाली.

बारा-तेरा वर्षांच्या मुली, आगाराच्या भिंतीला लागून मैदान आणि ओल्या बनियनांचा वास मारणारी सामानाची खोली. डिंकने मुलींना जे येत होतं ते शिकवलं. जागा सोडायची नाही, समोरच्या मुलीवरची नजर हलवायची नाही. मुली शिकल्या. त्यांच्यावर गोल होणं जवळजवळ थांबलं, पण त्यांनाही कधी गोल मारता येईना. सामन्यांमागून सामने शून्य-शून्य सुटू लागले. एका मुलीचे वडील थर्मासचं झाकण उघडत म्हणाले, "सामन्याला आलोय की शोकसभेला, तेच कळत नाही." मग सरावाच्या वेळी कोणाला सर्दी होऊ लागली, कोणाची शिकवणी निघू लागली.

त्या संघात एक भिंगरी होती. चेंडू मिळाला की तीन जणींना गरागरा फिरवून चौथीपुढे उभी. शिस्त लागावी म्हणून डिंकने तिला मुद्दाम बचावात ठेवलं. एका सामन्यात भिंगरीने चेंडू घेतला आणि सुटली ती थेट पलीकडे. फटका गोलावरून गेला. पुढच्याच हल्ल्यात तिच्या रिकाम्या जागेतून गोल झाला आणि संघ हरला.

सामानाच्या खोलीत डिंक तिच्यापुढे उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझी जागा कुठे होती?"

भिंगरी खाली वाकून नाडी सोडू लागली.

डिंकला आपल्याच तोंडून सरांचे शब्द ऐकू आले. पण बोललेलं गिळता येत नाही. ती उठून चेंडू पिशवीत भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. डिंकने पत्ता विचारला आणि तिच्या आईच्या इस्त्रीच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"काय झालं ताई, पोरीने काही मोडलं का?" आईने इस्त्री उचलून धरली.

"नाही. माझ्याकडूनच चुकलं. तिला परत बोलवायला आलेय."

टांगलेल्या शर्टांच्या रांगेमागून आवाज आला. "तुम्ही सांगता, इथे जाऊ नको, तिथे जाऊ नको. मग जायचं कुठे, ते कधी सांगतच नाही."

डिंक त्या शर्टांकडे वळून म्हणाली, "कारण ते मला येत नाही. मी खऱ्या सामन्यात एकही गोल मारलेला नाही."

शर्ट बाजूला झाले. "एकही?"

"एकही."

"सरावात?"

"सरावात मारलेत. गोलकीपर घरी गेल्यावर."

भिंगरीला हसू आवरलं नाही. तिची आई मात्र विचारात पडली. "मग तुम्हाला देशाच्या संघात ठेवलं तरी कसं?"

"दुसऱ्यांना मारू देत नव्हते म्हणून."

भिंगरी "येते" म्हणाली नाही. "बघू" म्हणाली.

डिंक तिथून थेट मुलांच्या प्रशिक्षकाकडे गेली. तो तिच्याहून वयाने लहान, एके काळचा गोल मारणारा गडी, आणि रोज केस चापूनचोपून बसवून येणारा, म्हणून त्याला सगळे नवरदेव म्हणत. ती म्हणाली, "मला हल्ला शिकव."

त्याला थट्टा वाटली. तिचा चेहरा बघून तो गंभीर झाला.

"एक सांग. अडवायला तुला सगळ्यात जड कोण जायची?"

डिंकला विचार करावा लागला नाही. "जी माझ्याकडे बघायची नाही. माझ्या पाठीमागच्या जागेकडे बघायची."

"मग तेच शिकव की. याहून जास्त मला तरी कुठे येतं."

दुसऱ्या दिवसापासून डिंक स्वतः मैदानात उभी राहू लागली. गुडघ्याला पट्टा बांधून ती मुलींना म्हणायची, "माझ्याकडे बघू नका. माझ्या मागे काय मोकळं आहे ते बघा, आणि तिकडे जा." पहिले काही दिवस तिला कोणी ओलांडू शकली नाही. मग एकीने ओलांडलं आणि ती स्वतःच इतकी दचकली की चेंडू सोडून मागे बघत राहिली. भिंगरी आधी कुंपणाला टेकून बघत होती. नंतर ती कुंपणाच्या आत आली. कोणी काही विचारलं नाही.

एकदा बचावातली एक शांत मुलगी म्हणाली, "ताई, भिंगरी पुढे गेली तर मागे तिच्या जागी कोण?"

"तू सरकायचंस. तुझ्या जागी मधलीने. ती जागा काही तिच्या एकटीची नसते, सगळ्यांची..."

त्या उपांत्य सामन्यात डिंकच्या जागी सरकायला कोणीच आलं नव्हतं. ते कोणाला शिकवलंही नव्हतं. इतकी वर्षं तो गोल ती एकटीच पाठीवर घेऊन फिरत होती.

"ताई, पुढे?" मुली वाट बघत होत्या.

"पुढे काही नाही. चला, सरकून दाखवा."

पुढचा सामना त्या चार-तीनने हरल्या. तीन गोल मारल्याच्या आनंदात मुली एकमेकींच्या अंगावर अशा पडल्या की जिंकलेला संघ बघतच राहिला. क्लबचे सचिव डिंकला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आधी निदान हरत तरी नव्हतो."

"हो. आता हरू आणि जिंकूही. मुली टिकतात का ते बघा."

मुली टिकल्या. त्या मोसमात संघ बरेच सामने हरला, थोडे जिंकला, आणि पुढच्या वर्षी नाव घालायला इतक्या जणी आल्या की दुसरा संघ करावा लागला. भिंगरीला मोठ्या वयोगटाच्या संघात निवडलं. तिकडे तिला गोल मारायलाच ठेवलं. जागा सोडल्याबद्दल तिकडेही ओरडा बसतो असं ती सांगते, पण सांगताना हसते.

जाण्याआधी इथला तिचा शेवटचा सामना झाला, तेव्हा तिची आई दुकान बंद करून पहिल्यांदाच मैदानावर आली. डिंकशेजारच्या बाकावर बसत तिने विचारलं, "यातला आपला गोल कुठला हो?"

"आत्ता तो डावीकडचा अडवायचा. अर्धा खेळ झाला की बाजू बदलतात."

आईने मैदानाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "मग मी आपली मध्येच बसते."