राजाच्या गाईची चरवी

मित्रांनो, माझ्या अंगाला नाक लावलेत तर आजही दुधाचा आंबूस वास येईल. मी झुलू देशातली एक जुनी लाकडी चरवी आहे. सिगोन्येला नावाच्या गृहस्थाने मला मारुलाच्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढले. मला जोड नाही की खिळा नाही. पोटावर दोन उंचवटे तेवढे ठेवले, म्हणजे धार काढताना गुडघ्यांत धरलेली मी निसटू नये. काम संपल्यावर त्याने मला आतून-बाहेरून चरबी चोळली आणि आपल्या मुलाला, म्बांगोला, म्हणाला, "ही माझ्यापेक्षा जास्त जगेल बघ." म्हाताऱ्याचे पुढचे बहुतेक अंदाज चुकले, हा मात्र खरा ठरला.

आमच्या आवारात गुरे पुष्कळ होती, पण निम्मी राजाची. आमच्याकडे रीतच तशी होती. राजा आपली गुरे घरोघर सांभाळायला देई. दूध सांभाळणाऱ्याचे, गाय आणि तिची वासरे राजाची. सिगोन्येलाला याचा कोण अभिमान! पाहुण्याने विचारण्याची वाटही न पाहता तो सांगे, "ती पाठीवर पांढरा पट्टा असलेली दिसते ना? इन्कोने म्हणतात तिला. राजाची आहे!" घरच्या गाईवर तो कधीतरी खेकसे. इन्कोनेजवळ बसताना मात्र आधी तिची स्तुती गाई, मग हळू शिट्टी घाली आणि ती पान्हा सोडी. मला तिच्या दुधाचा फेस गळ्यापर्यंत आलेला आवडे. खोटे कशाला बोलू, मलाही थोडी घमेंड चढली होती.

मग गोरे नदी ओलांडून आले. म्बांगोचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. तो ढाल घेऊन गेला. पहिली मोठी लढाई आमच्या लोकांनी जिंकली आणि तो परत आला. पण आसपासच्या घरांतून इतके तरुण मारले गेले होते की जिंकल्याचे गाणे कुणाच्या तोंडून नीट निघेना. हिवाळ्यात गोरे जास्त बंदुका घेऊन राजाच्या गावापर्यंत पोचले. त्या लढाईतून म्बांगो आला नाही. दुसऱ्या दिवशी सिगोन्येला धार काढायला बसला, पण त्याला शिट्टी घालता आली नाही. गाईंनी दूध चोरले. मी रिकामीच घरात गेले.

थोड्याच दिवसांत घोडेस्वार आले. त्यांच्याबरोबरच्या दुभाष्याने विचारले, "ही गुरं कुणाची?"

सिगोन्येला उठून उभा राहिला. राजाचे नाव घेतले की त्या गुरांना कुणी बोट लावत नाही, हे त्याने जन्मभर पाहिले होते. तो छाती काढून म्हणाला, "राजाची!"

स्वारांना तेवढेच हवे होते. त्यांनी सगळी गुरे हाकलली. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तशी घरचीही गेली. जाताना त्यांनी झोपड्यांना आग लावली; मी सिगोन्येलाच्या हातात होते म्हणून वाचले. इन्कोने तेवढी वाचली, कारण ती ओढ्याच्या घळीत विणीला अडली होती. आम्ही त्याच घळीत आसरा घेतला. पुढे आठवड्याभराने तिथेच म्बांगोची बायको, मांगुबाने, बाळंत झाली. मुलगा झाला. त्याचे नाव म्बेको.

उपासमारीने मांगुबानेचे दूध आटले. जळलेल्या धान्याचे चार दाणे ती चघळे आणि बाळ रडे. म्बेकोला जगवले ते इन्कोनेने. निम्मे वासराला, निम्मे त्याला. आजोबा धार काढीत आणि मला घळीच्या तोंडाशी ठेवून पाठ फिरवीत. कारण आमच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही आणि गुरांच्या जवळपास फिरकत नाही. घर जळाले तरी रीत जळली नव्हती.

पुढे बातमी आली की राजाला धरून समुद्रापार नेले. गोऱ्यांनी देशाचे तुकडे करून प्रत्येकावर नवा सरदार बसवला. त्या सरदाराची माणसे राजाची उरलेली गुरे गोळा करत हिंडू लागली. एका सकाळी ती घळीत उतरली.

"काय म्हातारबा, गाय छान लपवलीये की!" त्यांच्यातला पुढचा हसत म्हणाला. "कुणाची?"

सिगोन्येलाने तोंड उघडले. त्याच्या ओठांवर एकच शब्द होता. मी त्याच्या हातातच होते. त्याची कोंडी मला कळली. "माझी" म्हटले तर तो राजाचा चोर. खरे सांगितले तर नातू आठवडाभरही टिकला नसता.

"माझी आहे," मागून आवाज आला. मांगुबाने बाळ पाठीला बांधून गाईच्या आणि त्या माणसांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "माझ्या बापानं लग्नात माझ्याबरोबर धाडलीये."

"सासऱ्यासमोर बरीच बोलते गं!" तो म्हणाला. "काय हो, खरं का?"

सिगोन्येलाने सुनेकडे पाहिले नाही. पाठीवरच्या पोराकडे पाहिले. "सुनेची आहे," तो म्हणाला. माणसे गेली.

संध्याकाळी मांगुबाने नजर खाली ठेवून म्हणाली, "मामंजी, मला रागवा. मारा वाटलं तर."

"तुला कशाला मारू, सूनबाई? तू पोराची आई आहेस." त्याने इन्कोनेच्या पाठीवरून हात फिरवला. "मी मात्र आज राजाची गाय चोरली."

त्या दिवसापासून तो इन्कोनेची धार काढी, पण तिच्या दुधाचा थेंब तोंडात घेत नसे. कोरलेल्या भोपळ्याच्या भांड्यात दूध छान आंबून घट्ट झाले तरी तो तोंड फिरवी. म्बेको चालू लागला, धावू लागला. म्हातारा वाळत गेला.

काही वर्षांनी गोऱ्यांनीच राजाला परत आणून सोडले, थोड्याशा मुलखापुरते. ऐकताक्षणी सिगोन्येला उठला. "पोराचे दात आले, आता तो कणीस खाईल," तो म्हणाला. "ज्याची गाय त्याला देऊन येतो. वासरांसकट." सुनेने वाटेसाठी दाणे भाजून दिले आणि मला त्याच्या खांद्याला अडकवले. इन्कोने, तिच्या दोन कालवडी, तो आणि मी, असे निघालो. मला वाटले, आता माझे दूध राजा पिणार!

राजाचे गाव एका डोंगराआड उरले असता समोरून माणसे पळत येताना दिसली. बायका, मुले, जखमी म्हातारे.

"मागं फिरा, आजोबा!" एक बाई ओरडली. "गोऱ्यांनी बसवलेल्या सरदारानं गाव जाळलं. आपलीच माणसं हो, आपल्याच माणसांनी जाळलं!"

"आणि राजा?"

"कुणी म्हणतं पळाला, कुणी म्हणतं मेला."

सिगोन्येला रस्त्याच्या कडेला मटकन बसला. बाईच्या कडेवरचे पोर भुकेने कण्हत होते, दुसरे तिच्या कमरेला लोंबकळत होते. थोड्या वेळाने म्हातारा उठला, मला गुडघ्यांत धरले आणि इन्कोनेखाली बसला. फार वर्षांनी त्याने ती जुनी शिट्टी घातली. भरलेली मी त्याने बाईपुढे धरली.

बाई मागे सरली. "आम्ही तुमच्या कुळातले नाही. तुमच्या घरचं दूध आम्हाला कसं चालेल?"

"माझ्या घरचं कुठंय? गाय राजाची आहे. तू कुणाची?"

"राजाचीच की!"

"मग पाज पोरांना."

ती पोरे प्यायली. मागून येणारी थांबली, तीही प्यायली. कुणाचे कुळ काय, कुणी विचारले नाही. पुन्हा धार, पुन्हा मी भरले. शेवटी तळाशी दोन घोट उरले, तेव्हा बाई म्हणाली, "आजोबा, तुम्ही?" त्याने माझ्यात वाकून पाहिले. मग मला दोन्ही हातांनी उचलले आणि तो प्यायला. पिताना तो रडत होता. त्याचे अश्रूही माझ्यातच पडले.

राजा पुढे लवकरच गेला, राज्यही गेले. सिगोन्येला गेला. आज मी म्बेकोच्या वंशजांच्या घरात आहे. दूध पिशवीतून येते आणि माझ्यात छत्र्या उभ्या करतात. त्यांचा दोष नाही. पण मित्रांनो, दुधाला सवकलेले लाकूड कोरडे राहिले की तडकते. तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे भांडे असेल, तर वर्षातून एकदा त्याला तेल चोळा. मग त्यात दूध ओता आणि दारात जो भुकेला असेल त्याच्या हातात द्या. तो कोणत्या कुळाचा, हे विचारत बसू नका.