रिकाम्या खुर्चीचा भाव

भुजंगाला घासाघीस शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आठवडी बाजारात बोकड पसंत पडलं तरी हा बाबा सकाळी त्याच्याकडं ढुंकून बघायचा नाही. चहा प्यायचा, बिडी ओढायचा, ओळखीपाळखीच्यांशी टवाळक्या करायचा. दिवस कलला, बाजार उठायला लागला, विकणाऱ्याच्या तोंडावर ‘आता हे परत घरी कुठं न्यावं’ असं दिसलं, की मग उठायचा आणि पडेल भावात बोकड दोरीनं ओढत आपल्या गावाला, झरीला आणायचा. सगळी वस्ती त्याला मानायची. आणि बघा, त्याच अकलेनं त्याचा घात केला.

त्याचं दुसरं काम म्हणजे झील. रायभानदादा ढोल गळ्यात घालून धनगरी ओव्या म्हणायचा आणि भुजंग मागं उभा राहून झील धरायचा. म्हणजे रायभाननं ओळ टाकायची, आणि तिचा शेवटचा शब्द झेलून भुजंगानं ती पुरी करायची. मिसरूड फुटल्यापासून हे चाललेलं. रायभानची ओळ कुठं वळणार हे रायभानच्या आधी भुजंगाला कळायचं.

तर या दोघांना बोलावणं आलं पार गुवाहाटीहून, संगीत महोत्सवाचं. कुणीतरी जत्रेतला व्हिडिओ मोबाइलवर टाकला होता, तो तिकडच्या मॅडमनी बघितला. कुठं झरी, कुठं गुवाहाटी! मॅडम म्हणाल्या, प्रवासाची एवढी रक्कम देऊ, त्यात विमानाची तिकिटं तुमची तुम्ही काढा. भुजंगानं आजवर विमान बघितलं होतं ते मेंढरांमागं फिरताना, मान वर करून. त्या दिवशी तो बायकोला, कस्तुराबाईला, तीनतीनदा सांगत होता, “खिडकीपाशी बसणार हाय मी. वरून मेंढरं कशी दिसतेत, मला बघायचंय.”

लेक अपेक्षा रोज एसटीनं परभणीला कॉलेजात जायची. तिनं मोबाइलवर बघून लगेच सांगितलं, “आबा, हैदराबादहून दोघांचं बसतंय बघा पैशात. काढू का आत्ता?”

“थांब,” भुजंग म्हणाला. “पहिल्याच भावाला हात घालतंय का कुणी? लय दिवस हायेत अजून.”

“हे वाढत जातंय आबा. जितका उशीर तितकं महाग.”

“खुळी का काय तू! बोकड न्हाई खपलं तर माणूस चारा घालून सांभाळतो तरी. रिकामी खुर्ची उडवून विमानवाले काय करतेल? तिच्यावर काय वारं बसणार हाय? शेवटच्या दिवशी हात जोडून देतेल.”

रायभानदादानं मान डोलावली. गाणं त्याचं, व्यवहार भुजंगाचा, अशीच त्यांची वाटणी होती.

मग रोज सकाळी मेंढरं सोडायच्या आधी भुजंग विचारायचा, “काय भाव निघालाय आज?” अपेक्षा सांगायची, वाढलाय. “चढू दे. चढलेलं उतरतंयच.” परत वाढला. “खोटं गिऱ्हाईक उभं करून चढवायलेत. लबाड हायेत.” एकदा भाव थोडा उतरला, तर गडी मांडीवर थाप मारून उठला. अपेक्षा जीव तोडून म्हणाली, “आबा, आता तरी काढू द्या!” तर म्हणे, “उतार लागलाय, अजून उतरंल.” दुसऱ्या दिवशी भाव जो उसळला तो पुन्हा खाली आलाच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काय उगीच म्हणतात?

महोत्सव तोंडावर आला तेव्हा त्या पैशात एकच तिकीट बसत होतं. रेल्वेला वेटिंग. भुजंगानं दोन मेंढ्या बाजारात नेल्या, पण ज्यानं जन्मभर दुसऱ्याची घाई ओळखली, त्याची घाई आता समोरचे ओळखत होते. इतकं पाडून मागितलं की विकूनही तिकीट होत नव्हतं. मेंढ्या हाकलत तो परत आला.

मॅडमनीच तोड काढली. फोनवर म्हणाल्या, “झील रेकॉर्ड करून पाठवा. रायभानजी एकटे आले तरी चालेल, आम्ही मागून वाजवू.”

“तुझ्याबगर मी गात न्हाई,” रायभान म्हणाला. “मरू दे ती गुवाहाटी.”

“न्हाई दादा. माझ्या गाढवपणापायी तुमचं गाणं का बुडावं? तुमी जा.” एवढं बोलून भुजंग मेंढरं बघायच्या निमित्तानं बाहेर गेला.

आतल्या खोलीत पंखा बंद करून अपेक्षानं मोबाइल धरला. रायभान समोर बसला आणि आवाज न करता नुसते ओठ हलवत ओळी म्हणू लागला. त्याचे ओठ थांबले की भुजंग आपला तुकडा म्हणायचा, आणि पुन्हा गप्प बसून वाट बघायचा. घाम फुटला त्याला. हातपाय तोडून ठेवल्यासारखं गाणं वाटत होतं.

रायभान गेला. विमानात ढोलाला जागा मिळाली, भुजंगाला नाही मिळाली.

महोत्सवाच्या संध्याकाळी अपेक्षानं तिथलं थेट प्रक्षेपण लावून मोबाइल उतरंडीला टेकवून ठेवला. भलामोठा मंच, रंगीत दिवे, आणि मधोमध रायभानदादा, एकटा. ढोल वाजला. “बिरोबा माझा बसला बाभळीच्या बनात...”

भुजंगानं सवयीनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिकडून त्याचाच आवाज आला, “बनात रं देवा, बनात!” कस्तुराबाईनं कौतुकानं नवऱ्याकडं बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली.

गाणं रंगलं. लोक टाळ्या वाजवू लागले. रायभान डोळे मिटून गात होता, आणि गाता गाता त्याची ओळ ठरल्या वाटेवरून सुटली. वळणार, हे भुजंगाला आधीच कळलं.

“माझा जोडीदार राहिला झरीच्या माळाला...”

रायभाननं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“बनात रं देवा, बनात!” रेकॉर्ड बोललं.

“माळाला रं दादा, माळाला!” इकडं भुजंग जीव खाऊन ओरडला. दावणीची शेरडं दचकली. मोबाइलमध्ये लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. चुकलं हे तिथं एकालाही कळलं नाही.

थोड्या वेळानं रायभानचा फोन आला. आवाज मेल्यागत. “भुजंगा, पुढल्या सालीबी बोलावलंय त्यांनी. म्हणतेत असंच या एकटे. त्याचा आवाज हाय आमच्याकडं.”

“चांगलं झालं की, दादा,” भुजंग म्हणाला आणि फोन लेकीच्या हातात दिला. तो भिंतीला टेकून बसला. मग हळूच म्हणाला, “अपेक्षा, ते रेकॉर्ड पुसता येतंय का गं?”

“आपल्या मोबाइलमधलं येतंय आबा,” ती म्हणाली. “त्यांच्याकडचं न्हाई.”