पोळ्यांच्या डब्यावरचा फोन

जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, की मृणालिनीचं एकच काम उरायचं. मुलीचा फोन तपासायचा. ताटावरून उठताना रुचिता आपला फोन पोळ्यांच्या डब्यावर ठेवून जायची, घराचा नियमच होता तसा. दिवसभर ऑफिसात मान मोडून आलेली ही बाई मग ओट्याला टेकून, डोळे चोळत, अकरावीतल्या पोरीचे मेसेज वाचायची आणि ‘जागरूक माता’वर अंगठा टाकायची. बेव्हर्ली पार्कातल्या त्यांच्या इमारतीतल्या आयांचा तो ग्रुप. अंगठा आला म्हणजे मुलीचा फोन पाहिला, घर सुरक्षित. ज्या घरातून अंगठा येत नसे, त्या घराची चर्चा लिफ्टमध्ये व्हायची. थोरला नीरज मात्र खुशाल फोन घेऊन लोळत असे. त्याचा पासवर्ड बापालाही ठाऊक नव्हता, आणि मुलग्यांच्या आयांचा ग्रुप काही कुणी काढला नव्हता.

रुचिताच्या फोनमध्ये काही म्हणजे काही सापडत नसे. ‘उद्या प्रॅक्टिकल आहे का?’ ‘हो.’ ‘ओके.’

“आमच्या रुचिताचा फोन म्हणजे धुतल्या तांदळासारखा,” असं मृणालिनी कौतुकाने सांगायची.

तो असा धुतला गेला कधी, हे मात्र ती सोयीस्कर विसरली होती. गेल्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना जितेंद्रने लेकीचा एक मेसेज सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. ‘साहिल हसला ना, की दिवस मस्त जातो.’ मैत्रिणीला लिहिलेली एवढीशी ओळ. आत्या हसल्या, काका हसले, मृणालिनीही हसली. रुचिता मोदकांचं ताट हातात धरून उभी होती.

“एवढं काय मनाला लावून घ्यायचं? घरचीच तर माणसं आहेत,” असं तिची समजूत घालून आईने विषय मिटवला होता.

आज शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात रुचिताची कॉलेजातली मैत्रीण मिनल, पालीहून दोन बस बदलून आलेली.

“अगं, रुचिता क्लासला गेलीय.”

“म्हाईत हाय, काकी. तुमच्याशीच बोलाचं हाय.” मिनल चपला न काढताच उभी राहिली. “क्लासचे सर तिला डाउट सोडवायला एकटीलाच थांबवतात. मुद्दाम अंगाला हात लावतात. दिवालीपासून चाललंय. काल कॉलेजात रडत होती, तवा बोलली मना.”

मृणालिनीने तिला हाताला धरून आत घेतलं. “मला का नाही सांगितलं? निदान तुला तरी एखादा मेसेज...”

“मेसेज कसा करील? तुमी वाचता न! मी बोलली, आयेला सांग. तर बोलली, पप्पा परत सगल्यांना वाचून दाखवतील.”

मृणालिनी तशीच घरच्या कपड्यांत रिक्षात बसली. क्लास सुटला होता. बाकीची मुलं जिना उतरत होती आणि रुचिता एकटी बाकावर बसून होती.

“मॅडम, हिचं डाउट सेशन बाकी आहे,” सर हसून म्हणाले.

“राहू दे. तुमचे डाउट आता पोलीस चौकीत सोडवू,” मृणालिनी म्हणाली. लेकीचा दंड धरून तिने तिला बाहेर आणलं.

परतीच्या रिक्षात रुचिता बॅग मांडीवर घेऊन बसली होती.

“तू रोज वाचत होतीस ना, मम्मी,” शेवटी रुचिता म्हणाली. ती चिडलेली नव्हती, नुसती थकलेली होती. “मला वाटायचं, कधीतरी विचारशील, तू हल्ली काहीच का लिहीत नाहीस म्हणून.”

मृणालिनीने हळूच विचारलं, “तक्रार करायची?”

“करूया. पण पप्पांनी कुणाला सांगायचं नाही.”

संध्याकाळी जितेंद्रला सगळं कळलं. आधी तो सरांना मारायला निघाला, मग सोफ्यावर बसला. “आता तर फोन आणखी कडक चेक करायला पाहिजे. आणि तक्रार केली की बिल्डिंगभर होईल. लोक काय म्हणतील?”

“तिची ओळ भर पाहुण्यांत वाचताना लोक आठवले नाहीत तुला? रोज फोन तपासून काय सापडलं आपल्याला, जितू? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. उद्या चौकीवर तू येतोयस. आणि तिथे ती बोलेल, तू नाही.”

जितेंद्रने मान खाली घातली.

जेवण झालं आणि सवयीप्रमाणे रुचिताने फोन डब्यावर ठेवला. मृणालिनीने तो उचलून तिच्या हातात दिला. “पासवर्ड घाल. मला सांगू नकोस.”

रुचिताने आईकडे संशयानेच पाहिलं आणि फोन घेऊन ती खोलीत गेली. क्षमा काही मिळाली नव्हती, आणि इतक्यात मागायला मृणालिनीला तोंडही नव्हतं.

ग्रुपवर अंगठे येऊ लागले. ‘मृणालिनी, तुमचा राहिला,’ वरच्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी आठवण केली. ‘आमच्या रुचिताला’ एवढं तिने लिहिलं आणि पुसून टाकलं. ते सांगायचं की नाही, हे रुचिताने ठरवायचं होतं. ‘आमच्याकडून यापुढे अंगठा येणार नाही. मुलींना एकदा विचारून बघा, त्या आपल्याला काय काय सांगत नाहीत,’ असं लिहून ती ग्रुपमधून बाहेर पडली.

आतून रुचिताचा दबका आवाज येत होता. बहुधा मिनलशी बोलत होती, मधेच रडत होती. मृणालिनीचे पाय आपसूक दाराकडे वळले. अर्ध्या वाटेवरून ती मागे फिरली, स्वयंपाकघरात आली आणि तिने नळ मोठा सोडला. घासायचं एकही भांडं उरलं नव्हतं.